हैबतराव हाक मारत नसत

हैबतराव कदम खुर्चीवर निवांत बसले आहेत, असं चित्र कितीही आठवायचं म्हटलं तरी माझ्या डोळ्यांपुढे येत नाही. ते येत, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवत, दोन वाक्यं बोलत आणि खिडकीपाशी जात. खाली बुधवारा पेठेतला रस्ता बघत, परत येत, पुन्हा जात. चहाचा कप हातात घेऊन खोलीभर फिरत आणि अर्धा चहा कुठल्या तरी कोनाड्यात ठेवून विसरून जात. माझी पत्नी मालती म्हणायची, "ह्यांना चहा द्यायचा म्हणजे मागोमाग बशी घेऊन हिंडायचं."

संस्थानं विलीन होण्याचा तो काळ. आमचं बऱ्हाणपूर आधीपासूनच इंग्रजी अमलातलं, त्यामुळे राजा जाण्याचं आम्हाला ना सुख होतं ना दुःख. पण कुठकुठल्या दरबारांतली माणसं बदली होऊन गावात येऊ लागली होती. कचेरीत कुणी जुन्या सवयीने कमरेत वाकायचं आणि मग ओशाळून सरळ व्हायचं. हैबतराव त्यांच्यातलेच, पण वाकणाऱ्यांतले नव्हते. छत्तीसगडच्या बाजूच्या एका लहान संस्थानात ते खासगी खात्याचे कारभारी होते. राजवाड्याची बाग, तबेला आणि शिकारी कुत्रे त्यांच्या ताब्यात. संस्थान मध्य प्रांतात विलीन झालं आणि सरकारने त्यांना आमच्या गावातल्या एका कचेरीत वरिष्ठ कारकून म्हणून सामावून घेतलं. तिथेही ते उभ्यानेच फायली वाचतात, असं त्यांचे सहकारी सांगत.

ते आले तो दिवस मला स्वच्छ आठवतो. मी तेव्हा इथल्या हायस्कुलात शिक्षक होतो आणि गंगूबाईंच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. खालच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. दुपारी दारात टांगा थांबला. टांगेवाला जागेच्या अगदी कडेला, पडेल की काय असा बसलेला. मागे एक पत्र्याची ट्रंक, भरघोस मिशांचे, बंद गळ्याचा कोट घातलेले एक गृहस्थ आणि त्यांच्या पायाशी एक प्रचंड कुत्रा. लांब निमुळतं तोंड, उंच पाय, पोट खपाटीला गेलेलं.

गंगूबाई दारातच थबकल्या. "अगं बाई, हे कुत्रं हाय का वासरू? साहेब, काटते तो नहीं ना?"

"चावतो," हैबतराव म्हणाले. "म्हणून कुणी हात लावायचा नाही. मी सांगेपर्यंत बघायचंसुद्धा नाही त्याच्याकडे."

भाडेकरू म्हणून येणारा माणूस असं खरं बोलतो, ह्याचंच गंगूबाईंना इतकं नवल वाटलं असावं की त्यांनी दार उघडलं. गल्लीत माणसं जमली होतीच. कुणीतरी कुत्र्याचं नाव विचारलं.

"बादशहा."

सगळी गल्ली हसली. समोरचे कापडवाले शेठजी नुकतेच खादीची टोपी घालू लागले होते. ते म्हणाले, "राजे गेले आणि तुम्ही बादशहा घेऊन आलात! नाव बदला साहेब, अब जमाना बदल गया।"

हैबतरावांनी त्यांच्या टोपीकडे पाहिलं. "टोपी बदलणं सोपं असतं शेठजी. त्याला सगळ्या जगात तेवढा एकच शब्द स्वतःचा म्हणून कळतो. तो कसा काढून घेऊ?"

असे ते. तोंडाने फटकळ, कुणाचं ऐकून न घेणारे. माणसांशी त्यांचं फारसं पटत नसे. पण त्या कुत्र्याशी ते ज्या धीराने वागत, तो धीर त्या अस्वस्थ अंगात कुठून येई कोण जाणे.

पहिल्याच रविवारी मी अंगणात उतरलो. बादशहाने माझ्याकडे बघून शेपूट हलवली म्हणून मी हात पुढे केला. हैबतरावांनी माझं मनगट हवेतच पकडलं.

"शेपूट हलवतोय की!" मी म्हणालो.

"कशी हलवतोय ते बघा. ताठ वर धरलीय आणि नुसतं टोक थरथरतंय. अंग बघा, लाकडासारखं झालंय. तो तुम्हाला या म्हणत नाही, मास्तर. तिथेच थांबा म्हणतोय."

तेवढ्यात कुत्र्याने मोठी जांभई दिली. "झोप आली वाटतं," मी म्हणालो.

"झोप कसली? शाळा तपासायला इन्स्पेक्टर आला की तुम्ही उगाच घसा खाकरता ना, तसं आहे ते." मग ते नेहमीसारखे दोन येरझारा घालून आले आणि म्हणाले, "कुत्रा बोलतो. आधी हळू बोलतो. तोंड फिरवतो, ओठ चाटतो, जांभई देतो. आपलं लक्ष नसतं. मग तो गुरगुरतो, तर आपण त्याला काठी घालतो. मग तो चावतो. आणि आपण गावभर सांगत सुटतो, काही कारण नसताना चावला."

बादशहाला कसल्याही धडाक्याच्या आवाजाची भयंकर धास्ती होती. टांगेवाल्याने चाबूक वाजवला तरी तो भिंतीवर अंग आपटायचा. गंगूबाई अंगणात उखळात मिरची कुटायला बसल्या की पहिल्या घावालाच तो साखळी तोडायला निघायचा, तोंडातून फेस काढायचा. गंगूबाई चिडल्या. "मी काय मिरची बी नाही कुटायची माझ्या घरात?"

"कुटा," हैबतराव म्हणाले. "पण मी सांगतो तशी कुटा."

आणि मग पुढे कितीतरी दिवस आमच्या अंगणात एक विलक्षण प्रकार चालला. गंगूबाई परसदारी लांब बसून मुसळ नुसतं टेकवत. त्या हलक्या आवाजासरशी हैबतराव बादशहापुढे दुधात कुस्करलेल्या भाकरीचा घास टाकत. आवाज थांबला की घास बंद. दुसऱ्या दिवशी तेच. कुत्र्याने कान मागे घेतले की ते लगेच हात वर करत आणि गंगूबाईंना थांबावं लागे. मुसळ रोज थोडं वर उचललं जाई, उखळ रोज थोडं जवळ सरके. गल्लीतल्या बायका मुद्दाम बघायला येत. गंगूबाई कपाळावर हात मारत, "नवऱ्याची परवानगी काढली नाही कधी, आता ह्या कुत्र्याची काढू राहिले!"

पण त्या गुंतल्या होत्या. एकदा त्यांच्या बहिणीने येऊन सरळ मुसळ घातलं, तर तिच्यावर त्याच खेकसल्या, "हळू! त्याला सांगितल्याशिवाय?" आणि एक दिवस त्या उखळात जोरजोरात मिरची कुटत होत्या, सगळं घर शिंकत होतं, आणि बादशहा तीन हातांच्या अंतरावर तंगड्या पसरून झोपला होता. हैबतराव भिंतीला टेकून उभे होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मिरचीचं असेल.

ह्या सगळ्यात एक गोष्ट मला हळूहळू खटकू लागली. हैबतराव कुत्र्याला कधी हाक मारत नसत. आम्ही संध्याकाळी तापीच्या वाळवंटात फिरायला जात असू. तिथे ते बादशहाला मोकळं सोडत. तो वाऱ्यासारखा धावे. परतायची वेळ झाली की हैबतराव स्वतः वाळू तुडवत त्याच्यापर्यंत जात, खाली बघत उभे राहत आणि पट्टा अडकवत. तो आणखी पुढे गेला तर आणखी पुढे जात. मी थकून जाई.

एकदा मी म्हणालोच, "अहो, हाक मारा ना. इतकं शिकवलंत, हाकेला यायला नाही शिकवलं?"

ते चालता चालता थांबले. हैबतराव थांबले म्हणजे काहीतरी बिनसलं, एवढं मला कळत होतं.

"हाकेला यायला मीच शिकवायचो तिकडे," ते म्हणाले. "छडी घेऊन. सगळ्या कुत्र्यांना. महाराजांचे पाहुणे आले की मी चौथऱ्यावर उभा राहून एकेकाचं नाव घ्यायचो आणि तो असेल तिथून सरळ माझ्या पायाशी. पाहुणे टाळ्या वाजवायचे. मला वाटायचं, काय शिस्त आहे! शिस्त नव्हती ती. आलं नाही तर काय होतं हे त्यांना माहीत होतं."

मग नदीकडे बघत त्यांनी उरलेलं सांगितलं. विलीनीकरण ठरलं, महाराज कायमचे मुंबईला निघाले. कुत्र्यांचं काय करायचं, असं हैबतरावांनी विचारलं. लिलावात कुणाही सोम्यागोम्याच्या दारी माझे कुत्रे बांधलेले मला चालणार नाहीत, महाराज म्हणाले. गोळ्या घाला. बागेमागच्या भिंतीशी दोघे शिकारी हातात बंदुका घेऊन उभे राहिले. पण मोकळ्या बागेत कुत्रे हाती लागेनात. बंदूक बघून ते झाडीत पांगले.

"मग मला चौथऱ्यावर उभं केलं," हैबतराव म्हणाले. "मी नाव घ्यायचो. तो यायचा. आधीच्याचा आवाज ऐकलेला असायचा, पोट जमिनीला घासत यायचा, पण यायचा. माझ्या पायाशी."

"तुम्ही नाही म्हणायचं होतं," माझ्या तोंडून गेलं.

"हो," ते म्हणाले. "म्हणायचं होतं."

बराच वेळ ते वाळूत नुसते येरझारा घालत राहिले. "आला नाही तो हा एकटाच. सगळ्यांत कोडगा होता, छड्या सगळ्यांत जास्त ह्यानेच खाल्ल्या होत्या. भिंतीवरून उडी टाकून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या घरामागे जळणात लपलेला सापडला. ह्याला मी कुठल्या तोंडाने हाक मारू, मास्तर?"

त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

पुढच्या लग्नसराईत गल्लीतून एक वरात चालली होती. भर दुपारची वेळ. कुणीतरी दारातच मोठ्या बाराचा फटाका लावला. मुसळाची सवय झालेला कुत्रा ह्या आवाजाला कसा पुरा पडणार? साखळी तोडून बादशहा जो सुटला तो माणसांच्या पायांतून, बाजारातून, गावाबाहेर. हैबतराव अनवाणीच धावले. संध्याकाळपर्यंत घाटावर, वाळवंटात, पलीकडच्या काठावर आम्ही शोधलं. दुसऱ्या दिवशी सकाळी इच्छापूरच्या रस्त्यावरून येणाऱ्या एका गाडीवानाने सांगितलं, सुपडू पाटलाच्या केळीत पिसाळलेला कुत्रा शिरलाय, पाटील बंदूक घेऊन बसलाय.

त्याच्याच गाडीबरोबर आम्ही निघालो. हैबतराव गाडीत बसलेच नाहीत. ते बैलांच्या पुढे चालत होते.

केळीच्या बागेपाशी घड तोडायला आलेल्या बाया बांधावर गोळा झाल्या होत्या. सुपडू पाटील पन्नाशीचा, दणकट माणूस. डुकरांसाठी ठेवलेली ठासणीची बंदूक त्याच्या हातात. चार झाडांपलीकडे, पाण्याच्या दांडाजवळच्या चिखलात बादशहा दबून बसला होता. दात उघडे, अंगाला माती, तोंडाला फेस.

"थांबा पाटील, पिसाळलेला नाही तो. घाबरलाय."

"तुमी बाजूले व्हा साहेब. सकाळपासून बायांच्या अंगावर धावते. एखादीले चावला म्हंजे? तिच्या लेकरांले तुमी सांभाळसान का?"

त्याचं काही चुकत नव्हतं. हैबतरावांनाही ते कळत होतं. ते दांडाच्या बाजूने दोन पावलं पुढे झाले. बादशहा गुरगुरून तेवढाच मागे सरकला. त्याच्या मागे दाट केळी, आणि त्यापलीकडे गाव.

"तो पाणी पितोय का पाहिलंत? दांडातलं?"

"पिला असंल. म्या नाही मोजलं."

"पितोय तो, दादा," एक बाई बांधावरून म्हणाली. "म्या पाह्यलं मघा."

पाटलाने बंदूक खाली घेतली नाही. पण तो म्हणाला, "तुमचा हाय ना? मंग बलावा. आला त तुमचा. नाही आला, मागं पयाला, त मी घोडा दाबतो. मले गावाचं पाहाय लागते."

मी हैबतरावांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. बंदुकीसमोर उभं राहून कुत्र्याला हाक मारायची. पाटलाला काय माहीत तो काय मागतोय. मला वाटलं, हे आता वळून चालू लागतील.

ते चिखलात खाली बसले.

पाटलाकडे पाठ करून, बरोबर नळीच्या आणि कुत्र्याच्या मध्ये. पाटील ओरडला, "अहो साहेब, आडवे आले ना तुमी! उठा!" ते उठले नाहीत. कुत्र्याकडे त्यांनी सरळ पाहिलंही नाही. अंग तिरकं ठेवून, मान खाली घालून ते मांडीवर हात उताणे टाकून बसले. त्यांचे ताठलेले खांदे मला मागून दिसत होते. मग खांदे हळूहळू खाली आले. त्यांनी एक लांब श्वास सोडला. आणि कुणी झोपलेल्या लेकराच्या कानाशी बोलावं तसे ते म्हणाले, "बादशहा."

काही झालं नाही. केळीची पानं सळसळत होती.

"ये रे. नाही आलास तरी चालेल. मी इथेच बसलोय."

बादशहाने ओठ चाटले. तोंड फिरवलं. जमीन हुंगल्यासारखं केलं. एक पाय पुढे टाकला आणि तिथेच थांबला. हैबतराव हलले नाहीत. मग तो निघाला. सरळ नाही, मोठा वळसा घेत, पोट मातीला घासत, मध्येच मागे बघत. शेवटच्या दोन हातांवर त्याला धीर धरवला नाही. त्याने एकदम येऊन त्यांच्या काखेत डोकं खुपसलं.

त्यांनी त्याला पकडलं नाही. पट्टा हातात होता, तोही लगेच घातला नाही. नुसती त्याच्या छातीखाली बोटं फिरवत राहिले आणि रडत राहिले, मोठ्याने, बायामाणसांसमोर.

सुपडू पाटलाने बंदूक झाडाला टेकवली. लोटाभर पाणी आणून जवळ ठेवलं. "आधी तुमी प्या," म्हणाला.

त्या दिवसानंतर हैबतराव हाक मारू लागले. वाळवंटात, अंगणात, जिन्याखाली. आणि तो आला की दर वेळी काहीतरी देत. भाकरी, खोबऱ्याचा तुकडा, नाहीतर नुसती मानेखाली खाजवणी. "हाकेला आला आणि त्याचं वाईट झालं, असं एकदाही होता कामा नये," ते म्हणत. "आंघोळ घालायचीय, औषध पाजायचंय, तर आपण उठून त्याच्याकडे जायचं. हाक मारायची ती फक्त चांगल्यासाठी."

ही गोष्ट गावात पसरली तशी माणसं आपापले कुत्रे घेऊन येऊ लागली. हैबतराव आधी माणसावर भडकत, मग कुत्र्याकडे बघत. शेठजी चपला फाडणारं पिल्लू घेऊन आले तेव्हा ते म्हणाले, "दिवसभर दुकानाच्या गादीशी बांधून ठेवता आणि वर तक्रार? तुम्हाला बांधलं तर तुम्ही अख्खं दुकान फाडाल." सुपडू पाटीलही राखणीचा कुत्रा घेऊन आला. त्याच्याशी मात्र ते कधी मोठ्याने बोलले नाहीत. धूलकोटपर्यंतच्या मळ्यांतून बोलावणी येत आणि रविवारी सकाळीच ते तरातरा चालायला लागत.

बादशहा म्हातारा होऊन एका थंडीत गेला. सुपडू पाटलाने आपल्या बांधावर जागा दिली. त्यानंतरचे काही महिने हैबतरावांची चाल आणखी वाढली. कचेरीतून येत, कोट न काढताच पुन्हा बाहेर पडत. गंगूबाई ताट झाकून ठेवत आणि दारात उभ्या राहत. नवा कुत्रा पाळा म्हटलं तर म्हणत, "मला मालक व्हायचं नाही आता कुणाचा." पण गल्लीतल्या, घाटावरच्या, मारलेल्या, टाकलेल्या कुत्र्यांपाशी ते तासन्‌तास रेंगाळत.

मग राज्यांची फेररचना झाली. राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, कोण कुठे जाणार ह्याच्या चर्चांना गावात ऊत आला. हैबतरावांना ते दिवस फार जड गेले. "पुन्हा कुठेतरी सामावून घेणार," म्हणत आणि खिडकीकडे जात. त्यांना कुणी हलवलं नाही. बदली झाली ती माझी, विदर्भात.

निघायच्या दिवशी सामान चढलं, मालती टांग्यात बसली आणि मी निरोप घ्यायला आत गेलो. हैबतराव परसदारी भिंतीशी उभे होते, एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत, मिशी चावत. मी तोंड उघडणार तोच त्यांनी माझ्याकडे न बघता तळहात उभा धरला.

"मास्तर, हलू नका."

जळणाच्या ढिगाआड एक कुत्री होती. अंगावरचे केस गेलेले, एका डोळ्यावर जखम. कुणीतरी उकळतं पाणी टाकलं होतं, हे मला गंगूबाईंनी नंतर दारात सांगितलं. ती बाहेर आली, थबकली, पुन्हा आत गेली, पुन्हा बाहेर आली. पुढे टांगेवाला हाका मारत होता.

"गाडी चुकेल माझी," मी पुटपुटलो.

"दुसरी असते," हैबतराव तितक्याच हळू म्हणाले. "ही आज पहिल्यांदा परक्या माणसाजवळ येतेय."

मी उभा राहिलो. ती आली. माझ्या बुटांचा वास घेतला, धोतराच्या काठाचा घेतला. तिचा श्वास घोट्याला गरम लागला. मग ती वळली आणि दोन पावलांवर जाऊन बसली. ढिगाआड गेली नाही.

इतक्या वर्षांचा शेजार. बोलायचं बरंच ठरवून आलो होतो. पण तिथे मोठ्याने बोलणं शक्य नव्हतं आणि हळू बोलण्यासारखं ते नव्हतं. मी एकेक पाऊल मागे सरकत दारापर्यंत आलो. हैबतरावांनी मान वळवली नाही. ते तिच्या कानांकडे बघत होते. मघाशी डोक्याला चिकटलेल्या त्या कानांतला एक आता अर्धा उभा राहिला होता.